कानबाई बसत होती तोवरची गढी

मृणाल आणि निरंजन,

तुमचं चित्राचं कार्ड पोचलं. सुट्टीत तुम्ही बघून आलात तो तिकडच्या कुणा उमरावाचा वाडा मी भिंग लावून पाहिला. खोल्यांच्या दारांना दोर बांधलेले, पलंगावर बसायला बंदी, आणि चहा म्हणे पूर्वीच्या तबेल्यात मिळतो. खाली मृणालने विचारलं आहे, 'आजी, तुमच्याकडे अशी घरं होती का? त्यांचं पुढे काय झालं?' त्याच आठवड्यात इथल्या एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे नोकरीच्या आठवणी मागितल्या. एका चुलीवर दोन भांडी चढवायची मला सवय आहे. म्हणून हे उत्तर तुम्हाला लिहिते आहे. अंकाच्या वाचकांनी ते खुशाल वाचावं.

इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं आणि मलाही जड नव्हतं. पण यातली माणसं इंग्रजी बोलू लागली की मला त्यांचे चेहरे दिसेनासे होतात. आईकडून वाचून घ्या. ज्या घराबद्दल लिहिते आहे, त्याच घरात ती रांगायला शिकली. आणि आत्ताच लिहायचं कारण म्हणाल तर ते घर उभं असताना पाहिलेली माणसं आता बोटांवर मोजण्याइतकी राहिली आहेत. त्यातली निम्मी ऐकू येत नाही म्हणतात.

नरडाण्याला आगगाडीतून उतरलं की पुढे बैलगाडी. निंबखेड्याचं गाव दिसायच्या आधी गढी दिसे. पांढऱ्या मातीचे बुरूज, मध्ये काळ्या दगडाचा उंच चौथरा आणि त्यावर सागवानी खांबांचं दुमजली घर. वैशाखातल्या दुपारी ती माती अशी उजळायची की डोळे बारीक करावे लागत. मी पहिल्यांदा गेले तेव्हा गाडीवानाने चाबकाच्या दांड्याने दाखवलं.

"ती देशमुखनी गढी, बाई. पहिले तठे वसूल जमा व्हये. आते बाया बाळंत व्हतस."

यापेक्षा थोडक्यात त्या घराचा इतिहास सांगता येत नाही. देशमुख म्हणजे पूर्वी सरकारसाठी परगण्याचा सारा गोळा करणारं घराणं. इंग्रजांच्या राज्यात ते काम मामलेदाराकडे गेलं. देशमुखांकडे आडनाव उरलं आणि एवढं मोठं घर. माणसाप्रमाणे मग त्या घरालाही पोटासाठी नोकऱ्या बदलाव्या लागल्या. प्रत्येक नोकरीची खूण त्याच्या अंगावर होती. एका व्यापाऱ्याने काही वर्षं तिथे कापूस भरला होता. त्याचे तंतू तुळयांच्या सांध्यांत इतके बसले होते की फाल्गुनात वारा सुटला की वरून कापूस गळायचा. बाळंतिणीच्या केसांत, माझ्या उकळलेल्या पाण्यात. नंतर मुलांची शाळा आली. तिने मधल्या हॉलच्या भिंतीवर फळ्यासाठी काळा चौकोन रंगवून ठेवला. मी त्यावर कोणत्या खाटेवरच्या बाईला काय खायला द्यायचं ते खडूने लिहीत असे. शाळेच्याही आधी, मोठ्या तापाच्या साथीत, अंगणात आजारी माणसं ओळीने निजवली होती म्हणतात. त्या दिवसांबद्दल गावात कुणी बोलत नसे. देशमुखांची पालखी केव्हाच मोडून गेली होती, दांडा शाबूत होता. त्यावर आमची धुतलेली फडकी वाळत.

लोकल बोर्डाने गढीचा पुढचा भाग भाड्याने घेऊन तिथे प्रसूतिगृह काढलं. मुंबईच्या इस्पितळात शिकलेली नर्स म्हणून माझी नेमणूक झाली. तुमच्या आजोबांनी गावच्या शाळेत बदली मागून घेतली. राहायला आम्हाला दरवाजावरचा नगारखाना मिळाला. नगारा नव्हता, पण त्याचा ओटा होता. तुमच्या आईची झोळी त्या ओट्यावर टांगलेली असे. संध्याकाळी तिथून तापीच्या काठची झाडं दिसत, आणि घराकडे परतणाऱ्या गाड्यांच्या घुंगरांचा आवाज दरवाजाच्या कमानीतून वर यायचा. त्यानंतर मी चांगल्या चांगल्या घरांतून राहिले. पाहुणा यायच्या आधी त्याचा आवाज वर चढून येतो असं घर पुन्हा मिळालं नाही.

माझा धंदा काय, ते आता सांगते. लोकांना वाटतं सुईण पोर बाहेर काढते. पोर आपलं आपण येतं. आमच्या कामात हातापेक्षा बैठकीला महत्त्व. स्वच्छ हातांनी, तोंड मिटून, घाई न करता बसून राहायचं आणि काही वाकडं जात असेल तर ते वेळेत ओळखायचं. मी नखं कापून हात कोपरापर्यंत घासत असे. माझी मदतनीस गोदाबाई गावची जुनी सुईण होती. ती सुरुवातीला म्हणायची, "बाई, इतलं घासशी तं कातडं निंघी जाई. मंग काय हाडंस्वरी बाळंत करशी?" पुढे तीही घासू लागली, पण चेहरा असा करून की माझ्यावर उपकार चालले आहेत.

बाळंतपणासाठी मी गढीतली खजिन्याची खोली निवडली. हातभर जाडीच्या भिंती, चुन्याचा गिलावा, वर एकच झरोका आणि लोखंडी पट्ट्यांचं दार. तिथे कापूस गळत नसे. मधल्या हॉलमध्ये आमच्या खाटा होत्या आणि खजिना हॉलला लागून. देशमुखांनी तिथे काय ठेवलं होतं देव जाणे. माझ्या वेळी तिथे बाया ओरडत, नवऱ्याच्या सात पिढ्या काढत आणि मग एकदम शांत होत.

गिऱ्हाइकंही नाना परींची. सावद्याकडच्या केळीवाल्या घरातली एक बाई निंबखेड्याला बहिणीकडे आली होती, तिचे दिवस इथेच भरले. तिची सासू गाडीतून तिची स्वतःची बाज घेऊन आली. त्या बाजेवर घरातली सगळी पोरं झाली होती, म्हणून हिचंही त्यावरच व्हायचं. बाज खजिन्याच्या दारातून आत जाईना. सासू म्हणाली, दार काढा. मी म्हणाले, बाजेचे पाय काढा. आम्ही दोघी दारात उभ्या राहून भांडत होतो तोवर सून आत माझ्या खाटेवर मोकळी झाली. सासू नातू बघून हसली आणि बाज तेवढी सोडून गेली. "ऱ्हाऊ दे, तुम्हाले काम पडीन," म्हणाली. महिन्याभराने तिने केळीचे घड पाठवले. ते मी नगारखान्याखालच्या देवडीत पिकायला टांगले. त्या आठवड्यात येणारा जाणारा प्रत्येकजण दरवाजात जरा जास्तच रेंगाळला.

मागच्या दोन खोल्यांत अक्का राहायच्या. देशमुखांच्या थोरल्या घराण्यातली ही शेवटची सून. एकोणीसशे सहाच्या सुमारास, दहा-अकरा वर्षांची असताना त्या मेण्यातून या दरवाजातून आत आल्या. वर नगारा वाजत होता, असं त्या सांगत. मूलबाळ नव्हतं. मी गेले तेव्हा यजमान जाऊन काही वर्षं झाली होती. कधी त्या हॉलच्या उंबरठ्याशी येऊन उभ्या राहत, खांबावर हात ठेवत आणि म्हणत, "आठे गादी व्हती." तिथे आता खाटेखाली बेडपॅन असे. त्यांच्याइतकी आठवण मला नव्हती, पण त्यांच्या शेजारी उभी राहून मलाही ती गादी दिसायला लागे. जे आपलं कधी नव्हतं त्याचीही ओढ लागते, हे मला त्या घरात कळलं.

आता कानबाईबद्दल. तुम्ही हा शब्द ऐकला नसेल. खानदेशाबाहेर तो फारसा कुणाला ठाऊक नाही. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. देवी म्हणजे एक नारळ. त्याला डोळे, नथ, दागिने घालून चौरंगावर बसवतात. तोच नारळ वर्षानुवर्षं जपून ठेवतात. सगळे भाऊबंद, म्हणजे एका कुळातली सगळी घरं, त्या दिवशी मोठ्या घरी जमतात. कुळातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने मूठ मूठ गहू घेऊन दळतात, त्याचे रोट होतात, आणि ते कुळातल्यांनीच खायचे. बाया गाणी म्हणतात, फुगड्या घालतात. सोमवारी सकाळी देवीला वाजतगाजत नदीवर नेतात. ज्या घरात कानबाई बसते ते मोठं घर. मग त्या घरात भाकरीला पीठ असो नसो.

गढीत ती मधल्या हॉलमध्ये बसायची, म्हणजे माझ्या खाटांच्या जागी. पहिल्या वर्षी अक्कांनी मला तसं सांगितलं तेव्हा मी बोर्डाचे नियम सांगितले. त्यांनी ऐकून घेतले. मग शांतपणे म्हणाल्या, "तुम्हना बोर्डनं भाडं शे, बाई. देवीनं घर शे." बराच खल झाला. शनिवारी दुपारपासून सोमवारी दुपारपर्यंत हॉल देवीचा, असं ठरलं. बाळंतिणी पूर्वेच्या ओसरीवर, मध्ये पालखीच्या दांड्यावर लुगड्याचा पडदा. खजिन्यात धूप न्यायचा नाही ही माझी अट. ओल्या बाळंतिणीची सावली देवीवर पडू द्यायची नाही ही त्यांची. दोघींनीही ती वर्षानुवर्षं पाळली. विधवा म्हणून अक्का स्वतः पूजेच्या पाटावर बसत नसत. भाऊबंदांपैकी एखादं जोडपं बसे. पण नारळ वर्षभर अक्कांच्या पेटीत असे आणि तो बाहेर काढून देण्याचा हात त्यांचाच.

एकोणीसशे चाळीसनंतर, लढाईच्या दिवसांत, गढीची रया जायला लागली. बोर्डाला दुरुस्ती परवडेना. एक बुरूज पावसात बसला. धुळ्याचा एक लाकडाचा व्यापारी येऊन खांबांवर बोटाच्या पेराने टकटक करून गेला. हे सागवान आता जंगलातही मिळत नाही, म्हणाला. घरात चार भाऊबंदांचे हिस्से होते आणि तिघे विकायला तयार होते. अडत होतं एकाच गोष्टीवर. कानबाईचं घर कोण मोडणार?

अक्कांचे चुलत दीर नाना शिरपूरला असत. त्यांचा जिनिंगचा कारखाना होता, नवा बंगला होता आणि मोटार होती. माणूस वाईट नव्हता. दर दिवाळीला अक्कांना लुगडं पाठवायचा आणि समोर आला की मान खाली घालून बोलायचा. त्या श्रावणाच्या आधी तो भाऊबंदांसह देवडीत बसला होता. अक्का आतल्या दाराआड उभ्या होत्या. मी भाड्याच्या वहीवर सही घ्यायला तिथे गेले होते म्हणून ऐकलं.

"वहिनी," नाना म्हणाले, "पाऊस पडला की हॉलमध्ये परात मांडावी लागते. माझ्याकडे पक्कं छप्पर आहे. देवीला शिरपूरला नेऊ, असं सगळ्यांचं मत पडतंय."

"तुन्हं मत काय शे, नाना?"

"औंदा इथं नीट पार पडलं तर मी पुन्हा विषय काढणार नाही. खंड पडला तर ती देवीची इच्छा समजू."

"समजू," अक्का म्हणाल्या.

सगळं तेवढ्यावर ठरलं. देवी गेली की घर राहणार नाही, हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं.

खंड कशाने पडतो ते सांगायला हवं. कुळात कुणी गेलं तर सुतक आणि मूल जन्मलं तर सोयर. दोन्हींत देवपूजा चालत नाही, आणि ते कुळातल्या सगळ्या घरांना एकदम लागतं. मात्र दोन पळवाटा आहेत. देवी एकदा चौरंगावर बसली की मग जन्म झाला तरी ती उठवत नाहीत. आणि बातमी कानावर पडेपर्यंत सोयर लागत नाही.

त्या रविवारी नाना मोटारीतून सगळं कुटुंब घेऊन आले. धाकट्या सुनेला, द्वारकाला, आठवा सरत आला होता. मी तिला बघून नानांच्या बायकोला म्हणाले, "हिला कशाला आणलीत?" त्या म्हणाल्या, "कानबाईना दिन तिले घरमा कसं ठेवानं, बाई?" शिरपूरहून येणारा रस्ता तुम्ही पाहिलेला नाही. मोटारीतल्या धक्क्यांनी व्हायचं तेच झालं. जेवणं उरकायच्या आत द्वारकाच्या कळा सुरू झाल्या. मी तिला हळूच खजिन्यात घेतलं. बाहेर हॉलमध्ये चौरंग मांडला होता, रोटांचं पीठ मळलेलं होतं, पाटावर बसायचं जोडपं आंघोळीला गेलं होतं. दिवस कलला की देवी बसायची.

आम्ही दाराला आतून कडी घातली. गोदाबाई द्वारकाच्या पाठीशी बसली आणि तिच्या कानात म्हणाली, "माय, जराक दम धर. पयले देवी बसू दे, मंग तू."

द्वारका म्हणाली, "तूच सांग ना त्याले. मन्हं ऐकत नही."

तिच्या पोटातल्याने कुणाचंच ऐकलं नाही. ऊन अजून झरोक्यात होतं तेव्हा मुलगी झाली. लहानशी, पण फुप्फुसं देशमुखी. जाड भिंती, लोखंडी पट्ट्यांचं दार, सगळं फोडून तिचा आवाज हॉलमध्ये गेला.

बाहेरचं गाणं एकदम थांबलं. मग एक म्हातारा आवाज स्पष्ट ऐकू आला, "मांजर शे."

दुसरी म्हणाली, "हाव, मांजरच. सकायपासून फिरी ऱ्हायनी."

"मी तं काहीच आयकं नही."

"मीबी नही. म्हना ना व गाणं."

आणि त्या सगळ्याजणी गाणं म्हणायला लागल्या, इतक्या जोरात की झरोक्यातली कबुतरं उडाली. पोरगी आत ओरडायची, बाहेर सूर वर चढायचा. द्वारकाला त्या अवस्थेतही हसू आलं. ज्या बायकांना मी पडदे आणि फिनाईलवरून वर्षानुवर्षं बोलत आले त्या सगळ्या मिळून एक घर हातांवर तोलून धरत होत्या. मलाही मनातून वाटत होतं, लवकर बसवा, आटपा.

नाळ बांधून मी कापली. राहिली वार पडायची. मूल झाल्यावर थोड्या वेळाने वार आपोआप सुटते. सुटली नाही तर रक्त जात राहतं, आणि ओढून काढणं माझ्या शिक्षणात बसत नव्हतं. त्याला डॉक्टर लागतो. मी पोट चोळलं, बाळ छातीशी लावलं, वाट पाहिली. माझ्या धंद्यात वाट पाहणं हेच काम, पण वाट पाहणं कुठे थांबवायचं तेही कामच. द्वारकाचं हसणं थांबलं. ओठ पांढरे पडायला लागले. गोदाबाईने माझ्याकडे पाहिलं. या वेळी तिने तोंड वाकडं केलं नाही.

धुळ्याच्या दवाखान्यात नेण्यावाचून इलाज नव्हता. बैलगाडीने पोचेपर्यंत ती राहिली नसती. मोटार एकच होती, ती नानांची. आणि नाना पुरुषमंडळींबरोबर पुढच्या देवडीत होते, जिथे पोरीचा आवाज पोचला नव्हता.

मी हॉलच्या कडेने मागे अक्कांच्या खोलीत गेले. पेटी उघडी होती. नारळ त्यांच्या मांडीवर होता आणि त्या त्याला नथ घालत होत्या.

"अक्का, द्वारकाची वार अडकली आहे. मोटार लागेल. आत्ता."

त्यांचा हात थांबला. "देवी बसाले कितला येळ शे?" त्यांनी हे मला विचारलं की स्वतःला, कळलं नाही.

मी म्हणाले, "मूल झालंय हे नानांना सांगायला नको. अडली आहे, एवढंच सांगते. पोरीला गोदाबाईजवळ ठेवू."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. हिशेबी बाईने हिशेबात चूक केली की बघावं तसं.

"बाई, बायास्नी आयकं नही, ते देवीले चाली. देवीन्या त्या लेकी शेतस. पण पोरगीना आजाले तोंडवर खोटं सांगानं? आनि वाटमा द्वारकाले काही झायं तं? मंग काय सांगसूत, पोरगी माय बिगर जन्मनी?"

त्यांनी नारळाची नथ काढली. तो परत पेटीत ठेवला, वर खण टाकला आणि झाकण लावलं. मग त्या उठल्या. मी त्या घरात होते त्या सगळ्या वर्षांत अक्का पुरुषांच्या देवडीत कधी गेल्या नव्हत्या. त्या हॉलमधून सरळ चालत गेल्या. गाणाऱ्या बायकांनी त्यांचे रिकामे हात पाहिले आणि एकेक करून गप्प झाल्या. देवडीच्या उंबरठ्यावर उभ्या राहून त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं.

"नाना, तुले नात झायी. बठ्ठासले सोयर लागी गयं. सूनले धुळे लई जा, ती जीवना धोकामा शे. मोटार काढ."

नाना उभे राहिले. मग अनवाणीच मोटारीकडे पळाले. देवीबद्दल एक अक्षर त्यांनी तेव्हा काढलं नाही, हे मी त्यांच्या बाजूने नेहमी सांगते.

पोरीला गोदाबाईजवळ ठेवून मोटारीत मी मागे द्वारकाचं डोकं मांडीवर घेऊन बसले. एक हात तिच्या पोटावर दाबून धरलेला. ड्रायव्हरला सांगत होते, खड्डे चुकव. आणि लगेच सांगत होते, जोरात चल. त्याने मुकाट्याने दोन्ही केलं. धुळ्याला डॉक्टरांनी वार काढली. ती वाचली. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर चालला नसता. नाना दवाखान्याच्या पायरीवर बसून रडले आणि मग मला विचारू लागले, काही खाल्लं का तुम्ही.

सोमवारी दुपारी मी परत आले. दरवाजाच्या कमानीत रोजच्यासारखा आवाज नव्हता. मळलेलं पीठ गाई-म्हशींना घातलं होतं. भाऊबंद आपापल्या गावी गेले होते. मी हॉलमध्ये पाऊल टाकलं आणि थबकले. खाटा परत जागेवर लावलेल्या होत्या. चादरी ओढलेल्या, ओसरीवरच्या बाळंतिणी आत आणून निजवलेल्या. चुकलं एवढंच होतं की प्रत्येक खाटेचं डोकं पूर्वेला होतं. मी उजेडासाठी ती उत्तरेला ठेवत असे.

"कुणी लावलं हे?" मी गोदाबाईला विचारलं.

"अक्कानी. माले हात लाऊ दिना नही."

या खाटांना अक्कांनी त्याआधी कधी बोट लावलं नव्हतं. मी त्या फिरवल्या नाहीत. पुढे तिथे असेपर्यंत त्या पूर्वेलाच राहिल्या.

पुढच्या श्रावणाआधी नाना मोटार घेऊन आले आणि बराच वेळ देवडीत नुसते बसून राहिले. शेवटी अक्काच पेटी घेऊन बाहेर आल्या. नारळ मांडीवर घेऊन त्या शिरपूरला गेल्या. त्यांनी देवी पाटावर बसणाऱ्या जोडप्याच्या हातात दिली आणि रोट खाऊन दुसऱ्या दिवशी परत आल्या. मी विचारलं, कसं झालं? म्हणाल्या, "छप्पर पक्कं शे." मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "पोरगी रांगाले लागनी. सरय चौरंगखाले घुसनी."

त्यानंतर दोन पावसाळे घर उभं राहिलं. अक्का आपल्या खोलीत झोपेतच गेल्या. व्यापारी पुन्हा आला आणि आता त्याला टकटक करायची गरज नव्हती. एकोणीसशे सत्तेचाळीसच्या उन्हाळ्यात प्रसूतिगृह शिंदखेड्याच्या रस्त्यावरच्या नव्या इमारतीत गेलं. सिमेंटची जमीन, गळका नळ आणि मोठ्या खिडक्या. कामाला ती जागा सोयीची होती, हे मी प्रामाणिकपणे सांगते. पण तिथे कधी कुणी उंबरठ्याशी येऊन उभं राहिलं नाही. मी संध्याकाळी हात धुऊन दारात यायचे आणि उगाच कान देऊन उभी राहायचे.

खांब गाड्यांवर चढवले त्या दिवशी तुमच्या आजोबांनी मला बाहेर जाऊ दिलं नाही. मी ऐकलं मात्र. सागवान दगडावर पडलं की घुमतं.

तेव्हा मृणाल, तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं. द्वारकाची मुलगी शिरपूरला शाळेत शिकवते. कानबाई नानांच्या नातवाच्या घरी बसते. गढीचे बुरूज उरले नाहीत. खानदेशात घरांवर मातीचं धाबं असतं आणि त्याला गढीची पांढरी माती चांगली, पाणी झिरपू देत नाही. म्हणून लोकांनी ती पाट्या भरभरून नेली. निंबखेड्यातल्या बहुतेक घरांवर आज ती आहे. दगडी चौथरा जागेवर आहे. त्यावर बाया मिरच्या वाळवतात.